थांबा म्हणणारे पाळकसाहेब

आमच्या पाळकसाहेबांसमोर बोलताना माणसं अडखळायची, कारण ते समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत. उजव्या हाताचा पंजा वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा." आवाज मोठा नसायचा, पण बोलणारा जागच्या जागी गप्प व्हायचा. मग हळूच विचारायचे, "आता काय म्हणलं तुम्ही? पुन्हा म्हणा बरं." तो बिचारा तेच वाक्य पुन्हा म्हणायला लागला की अर्ध्यातच त्याच्या लक्षात यायचं, आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो. दारव्ह्यात ख्रिस्ती घरं मूठभर, पण साहेबांचं हे 'थांबा' गावभर माहीत होतं. भाजीवाल्या बायांपासून जीपवाल्यांपर्यंत सगळे त्यांना थांबासाहेबच म्हणायचे. त्यांच्या कानावर ते जायचं. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

लग्न लावतानाही ते थांबवायचे. एकदा त्यांनी वराला विचारायला सुरुवात केली, की हिला सुखात आणि दुःखात, आजारात आणि... तेवढ्यात घाईघाईनं तो म्हणाला, "हो." साहेबांचा पंजा वर. "थांब. माह्यं विचारून नाही झालं अजून. कायले हो म्हणलं तू?" लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळा प्रश्न पहिल्यापासून विचारला, आणि या वेळी तो पोरगा बोलेचना. त्याला खरोखरच विचार पडला होता. पंखे फिरत होते, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मुलीची आई खाली बाकावर बसली. शेवटी तो म्हणाला, "हो, साहेब." त्या दोघांचा संसार आज चांगला चालला आहे, पण मुलीचे वडील पुढे कितीतरी दिवस साहेबांशी बोलले नाहीत.

सगळ्यात कडक ते एका ठिकाणी होते. देव एकच आहे, आणि तरी तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तीन व्यक्तींमध्ये आहे, हे आम्हा ख्रिस्ती लोकांचं जुनं शिक्षण. याला त्रैक्य म्हणतात. आमचा बाप्तिस्मा होतो तो या तीन नावांनी, लग्न लागतं ते या तीन नावांनी, आणि शेवटी माती देतात तीही याच तीन नावांनी. पण तीन आणि एक हे जमतं कसं, असं कुणी विचारलं की बहुतेक पाळक एखादी उपमा देऊन मोकळे होतात. आमचे साहेब उपमा देत नसत आणि दुसऱ्याला देऊ देत नसत.

एकदा नागपूरहून एक शिकाऊ पाळक उपदेशाला आला होता. उत्साही पोरगा. येताना थर्मासमध्ये बर्फ घेऊन आला आणि वेदीजवळ उभं राहून म्हणाला, "हे बघा, पाणी, बर्फ आणि वाफ. वस्तू एकच, रूपं तीन." मंडळी खूश झाली. साहेब पहिल्या बाकावरून उठले. "थांबा. बर्फ झाला तेव्हा पाणी कुठी गेलं?"

"पाण्याचाच बर्फ झाला ना, साहेब."

"म्हणजे पाणी उरलं नाही. मग पुत्र खाली आला तेव्हा वरती कोणीच नव्हतं का?"

पोराच्या हातातला बर्फ वितळून चटईवर गळत राहिला. उपासना संपल्यावर साहेब त्याला घरी घेऊन गेले, स्वतःच्या हातानं वरण-भात करून वाढला, आणि म्हणाले, "तुले लाजवायचं नव्हतं. पण लोकायले सोपं सांगायच्या नादात खोटं नको सांगू." शेजारच्या वकीलकाकूंनीही एकदा मोठ्या आपुलकीनं सुचवलं होतं, "साहेब, आमचं बेलाचं पान घ्या ना. तीन दळं, एक देठ." साहेबांनी त्यांना हात जोडले. "काकू, पान तोडलं तर तीन तुकडे होतात. देव तुकड्यातुकड्यानं जोडलेला नाही जी."

"मग कसा आहे?" काकूंनी विचारलं.

"कसं ते मले सांगता येत नाही. एवढंच सांगता येते, की तो एक आहे आणि तो एकटा नाही."

त्यांचं हे 'सांगता येत नाही' आमच्या घराला फार महाग पडलं.

साहेब आणि माझे बाबा शाळेपासूनचे मित्र. यवतमाळच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेले. साहेबांना सगळं गाव साहेब म्हणायचं, बाबा मात्र नुसतं 'रतन' म्हणायचे. साहेबांची बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्यामुळे रविवारी उपासना झाली की ते आमच्याकडेच जेवायचे. बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर माणसांत. दुपारी चहाच्या वेळी त्यांचे सोबती त्यांची मस्करी करायचे. "सुधाकरभाऊ, तुमच्यात देव किती? एक का तीन? हिसाब जमून नाही राह्यला राजेहो." त्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता, बाबाही हसायचे. पण घरी आल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. मुसलमान सोबती एका वाक्यात आपला देव सांगायचा, हिंदू सोबती आपल्या परीनं सांगायचे, आणि बाबांना आपलंच सांगता येत नव्हतं. ते रतनकाकांना विचारायचे. काका तेच म्हणायचे. कसं ते मले सांगता येत नाही.

अशात नेरहून प्रकाश नावाचा एक तरुण प्रचारक दारव्ह्याला यायला लागला. त्यानं एक हॉल भाड्यानं घेतला होता. त्याला सगळे ब्रदर म्हणायचे. त्याची शिकवण सरळ होती. देव एकच. पिता, पुत्र आणि आत्मा या वेगळ्या व्यक्ती नाहीतच, त्याच एका देवाची ती तीन कामं आहेत, आणि त्या देवाचं नाव येशू. म्हणून बाप्तिस्माही फक्त येशूच्या नावानंच घ्यायचा. तीन नावांनी झालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. प्रकाश लबाड माणूस नव्हता. गळा गोड होता, उपास करायचा, कुणी आजारी असलं की दवाखान्यात रात्रंदिवस बसायचा. बाबा आधी ऐकायला म्हणून गेले. मग दर आठवड्याला जायला लागले.

एका रविवारी ते आमच्या उपासनेला आले नाहीत. दुपारी घरी आले तेव्हा केस ओले होते. आईनं टॉवेल दिला, तर तो हातात धरून उभेच राहिले. "मी धरणावर गेलतो," ते म्हणाले. "बाप्तिस्मा घेतला. खरा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "करुणा, तुझाही झाला नाही अजून. तुझ्या आईचाही नाही."

आईनं त्यांच्या हातातला टॉवेल काढून घेतला. मग तिनं विचारलं, "तीन नावांनी झालेलं खरं नसेल, तर आपलं लग्न तरी झालं का हो?"

बाबा कपडे बदलायला आत गेले. पण ते मागेही सरले नाहीत. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवण्याआधी दोन प्रार्थना व्हायला लागल्या. बाबा येशूच्या नावानं करायचे. त्यांचं आमेन झालं की आई डोळे न उघडता ओठांतल्या ओठांत पुन्हा पहिल्यापासून करायची, तिन्ही नावांनी. ताटातलं गार होत जायचं. मी तेव्हा एका खाजगी शाळेत शिकवत होते, सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई, पण त्या दोघांच्या मधे पाटावर बसले की लहान पोरीसारखी दोघांच्या आमेनची वाट बघायचे. घरात मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं.

पाळकसाहेब आले ते त्याच आठवड्यात. नेहमीसारखे आत आले नाहीत. ओसरीवर उभं राहून म्हणाले, "सुधाकर, भांडायले नाही आलो. विचारायले आलो."

"विचार."

"मी पोरीले बाप्तिस्मा दिला तेव्हा तू तिथंच उभा होता. तो खोटा होता का?"

"तू जाणूनबुजून खोटं केलं असं मी कुठी म्हणतो? पण चुकीचं होतं." बाबांनी खुर्ची पुढे केली. साहेब बसले नाहीत. "रतन, सोपं आहे ना रे. मी स्टँडवर कंट्रोलर आहो, करुणाचा बाप आहो, माह्या मायचा पोरगा आहो. माणूस एकच. देवाचंही तसंच."

"थांब," साहेब म्हणाले. "तू करुणाचा बाप म्हणून मायच्या पोराशी बोलतं का कधी? स्वतःशीच?"

"नाही."

"मग मरायच्या आदल्या रात्री येशू बागेत कोणाशी बोलत होता? घाम गाळून, रडून, हा प्याला माह्यापासून दूर कर म्हणून कोणाले विनवत होता? स्वतःलेच? तर मग ते सोंग झालं, सुधाकर. तिथं ऐकणारं कोणी नव्हतंच म्हणायचं. मले ते मानवत नाही. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हाही देव प्रीतीच होता म्हणतो ना आपण? कोणावर होती मग ती प्रीती?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे दोन झाले. आत्मा धरून तीन झाले. मोज ना, मोज!"

"मोजून तीन देव होत नाहीत."

"काहून होत नाहीत?"

साहेबांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "कसं ते मले..."

"सांगता येत नाही!" बाबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते साहेबांवर ओरडले. "माह्यी सगळी उमर तू मले हेच सांगत आला. चार लोक हसतात तेव्हा तू नसतं तिथं, मी असतो. मी त्यायले काय सांगू? माह्या पाळकाले सांगता येत नाही, असं सांगू?"

साहेबांनी मान खाली घातली. त्यांना लागलं होतं, ते मला दिसलं. त्या घडीला त्यांनी पाण्याची, बर्फाची, बेलाच्या पानाची, कसलीही एक उपमा दिली असती, तर कदाचित बाबा थोडे निवले असते. त्यांनी दिली नाही. "तुह्यं म्हणणं खरं आहे," एवढंच म्हणाले. "तुले एकट्याले तोंड द्यावं लागलं." आणि चपला घालून निघून गेले. त्या रविवारपासून ते आमच्याकडे जेवायला आले नाहीत. बाबांनीही बोलावलं नाही. स्टँडवर समोरासमोर आले की दोघंही थांबायचे, नुसती मान हलवायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे.

बाबांच्या मागोमाग आणखी दोन-तीन घरं प्रकाशकडे गेली, तेव्हा आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच घाबरले. पंचांचे अध्यक्ष मनोहर सर, निवृत्त मुख्याध्यापक, कडक शिस्तीचे. त्यांनी बैठकीत ठराव आणला. ज्यांनी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस नाही, मंडळीत लग्न नाही, आणि मंडळीच्या कब्रस्तानात जागा नाही. साहेब म्हणाले, पहिलं मला मान्य, दुसरं मान्य, तिसरं नाही. "प्रभुभोजन विश्वासाचं आहे. कब्रस्तान मेल्या माणसाचं आहे." पण हात वर झाले ते ठरावाच्या बाजूनं. आईही त्या बैठकीत होती. ती घरी आली तेव्हा बाबांनी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. पण त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "माह्या मायबापाची कबर तिथंच आहे ना," आणि पेपर वाचायला लागले.

मे महिन्यात बाबा गेले. स्टँडवर छातीत कळ आली, सोबत्यांनीच गाडीत घालून यवतमाळला नेलं, पण वाटेतच सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना घरी आणलं तेव्हा दाराशी प्रकाश आणि त्याची माणसं उभी होती, आणि गल्लीच्या तोंडाशी आमच्या मंडळीची माणसं. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे न बघता उभे होते. ऊन चढत चाललं होतं. बर्फाच्या लाद्यांचं पाणी अंगणातून वाहत होतं. माती कुठे द्यायची, हे कुणी तोंडातून काढत नव्हतं.

शेवटी प्रकाशच म्हणाला, "ताई, आम्हांला जागा नाही. तहसीलला अर्ज केलाय, अजून काही झालं नाही."

आम्ही बाबांना घेऊन कब्रस्तानाकडे निघालो. फाटकाशी मनोहर सर पाच-सात जणांना घेऊन उभे होते. फाटकाला कुलूप होतं. सर आईजवळ आले, त्यांचे डोळे भरले होते. बाबांना त्यांनीही लहानपणापासून पाहिलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मला हे करायला आवडतं का? पण आज मी उघडलं तर उद्या ठराव कुठे राहतो? तुम्ही एवढंच सांगा, की शेवटी शेवटी सुधाकरला पस्तावा झाला होता. परत येईन म्हणाला होता. पंच ऐकतील. पाळकसाहेब आपल्या पद्धतीनं माती देतील. सगळं नीट होईल."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं, ती हो म्हणणार. मीही म्हणाले असते. उन्हात बाबा तिथे होते, तोंडावर पांढरं कापड, आणि त्यांच्या अंगावर माशा बसू नयेत म्हणून त्यांचा एक सोबती टोपीनं वारा घालत होता. आई म्हणाली, "हो. ते... ते म्हणाले होते की..."

"थांबा, वहिनी."

पाळकसाहेब मागून आले होते. पायी आले होते, सदरा घामानं भिजलेला. ते आईच्या समोर उभे राहिले. "सुधाकर असं म्हणलता का? परत येईन म्हणून?"

आईनं बाबांकडे पाहिलं. मी चिडून म्हणाले, "काका, आता कशाला विचारता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वहिनी, म्हणलता का तो?"

"नाही," आई म्हणाली आणि रडायला लागली. "नाही म्हणाले कधी."

"मग नाही," साहेब म्हणाले. ते मनोहर सरांकडे वळले. "सुधाकर परत नाही आला. तो त्याच्याच विश्वासात मेला. असाच त्याले पुरू."

"साहेब, ठराव आहे!"

"ठराव आहे. मी तो मोडून राह्यलो. तुम्ही माह्याविरुद्ध लिहा." त्यांनी खिशातून किल्ली काढली. एक पंच त्यांच्या आणि फाटकाच्या मधे आडवा झाला. प्रकाशची दोन पोरं पुढे सरसावली. कुणीतरी कुणाचा तरी दंड धरला. धक्काबुक्की सुरू होणार, तेवढ्यात एक हवालदार मोटरसायकलवरून आला. कुणीतरी ठाण्यात फोन केला होता. त्यानं काय भानगड आहे ते विचारलं. मनोहर सर समजावून सांगायला लागले, की आम्ही देव एक आणि व्यक्ती तीन मानतो, हे लोक तसं मानत नाहीत. हवालदारानं एकदा बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, ते तुम्ही मागून ठरवा. एवढ्या उन्हात माणसाले ठेवू नका."

आडवा झालेला पंच बाजूला झाला. साहेबांनी कुलूप काढलं.

खड्डा आजी-आजोबांच्या कबरीजवळ खणला. प्रकाशनं प्रार्थनेसाठी डोळे मिटले, मग उघडले आणि साहेबांकडे पाहिलं. तो घाबरला होता. साहेब म्हणाले, "तू कर. तो तुह्याकडे आलता. मी करणार नाही. माह्ये शब्द त्यानं मानले नसते आणि तुह्ये मले म्हणता येत नाहीत." मग त्यांनी चपला काढल्या, धोतराचा काचा मारला आणि त्या वयात खड्ड्यात उतरले. वरून बाबांना दोरांनी खाली सोडलं तेव्हा खालून डोकं त्यांनी हातात घेतलं आणि जपून टेकवलं. प्रकाश प्रार्थना करत होता, येशूच्या नावानं. पंच फाटकाबाहेर उभे होते. साहेब सगळा वेळ खाली खड्ड्यात उभे होते, ओठ घट्ट मिटलेले. आयुष्यभर ज्या माणसानं प्रत्येक मातीला तिन्ही नावं घेतली होती, तो आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या मातीला एक शब्दही बोलला नाही. दोघांनी हात दिला तेव्हा ते वर आले. तिथून तसेच चालत घरी गेले.

पंचांनी खरोखरच लिहिलं. मंडळीच्या वरिष्ठांनी चौकशीला माणसं पाठवली. त्यांनी साहेबांना विचारलं, तुम्ही त्रैक्य मानत नाही का? साहेब म्हणाले, पहिल्यापेक्षा जास्त मानतो. मग फाटक का उघडलं? त्यावर ते काय म्हणाले ते कुणी सांगितलं नाही. त्यांची बदली मुकुटबनला झाली. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती.

ते जाण्याआधी मी त्यांना भेटायला गेले. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. मी म्हणाले, "काका, मला आता कळलं. तुम्ही आणि बाबा वेगळे होतात आणि तरी एकच होतात. त्रैक्याचंही तसंच..."

"थांब," ते म्हणाले. "उपमा नको."

"मग का उघडलं फाटक तुम्ही?"

त्यांनी सामान बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं. "त्याले पुरायचं होतं, पोरी. ऊन होतं."

मुकुटबनला निघाले तेव्हा जीप स्टँडवर मी आणि आई होतो. पंचांपैकी कुणी आलं नाही. प्रकाश मात्र आला. त्यानं साहेबांची पेटी उचलून टपावर चढवली, दोरी बांधली, खाली उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, तुम्ही कब्रस्तानात जे केलं ते मी विसरणार नाही. पण तुम्ही चुकीचं शिकवता."

"तूही," साहेब म्हणाले. "पण तुह्या देवानं जगाआधी प्रीती कोणावर केली, ते तू अजून सांगितलं नाही."

"तुमचे तीन एक कसे, ते तुम्ही कुठे सांगितलं?"

जीपवाला हॉर्न वाजवत राहिला आणि ते दोघं वाद घालत राहिले. बाकीचे प्रवासी खवळले. शेवटी साहेबांना हाताला धरून आईनं पुढच्या सीटवर बसवलं.

मुकुटबनला मंडळी अशी नव्हतीच, पाच-सहा घरं, त्यातली दोन कोलाम आदिवासींची. आम्ही दोघी वर्षातून एक-दोनदा जायचो. पहिल्यांदाच गेलो तेव्हा ओसरीत प्रकाश बसलेला. साहेब तुरीच्या शेंगा सोलत होते, तोही सोलत होता, आणि तावातावानं बोलणं चाललं होतं. आम्ही आल्याचं बराच वेळ दोघांच्या लक्षात आलं नाही. परतताना मी प्रकाशला विचारलं, "पटलं का काही?" तो म्हणाला, "नाही ताई. त्यांनाही माझं पटत नाही." पण महिन्या-दोन महिन्यांनी तो जायचा. नेरहून दोन गाड्या बदलून जायचा.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. फोन प्रकाशचाच आला. ताप आहे कळल्यावर तो आदल्या दिवशीच तिथे पोचला होता. मुलगी पुण्याहून निघाली होती, जवळपासचा दुसरा पाळक यायला संध्याकाळ होणार होती, आणि दुपारी साहेबांचा श्वास लागायला लागला. हे सांगताना प्रकाश मधेमधे थांबत होता.

"ताई, मला कळलं की वेळ आली. मी त्यांच्या कानाशी गेलो. म्हटलं, साहेब, दुसरं कुणी नाही इथे. मी म्हणतो तुमची प्रार्थना. तिन्ही नावांनी म्हणतो."

"मग?"

"त्यांनी हात वर केला. पंजा पुरता वर झाला नाही. म्हणाले, 'तू मानतं का?' मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, 'मग म्हणू नको. नुसता बस.'"

"मग?" मी पुन्हा विचारलं.

"मी बसलो, ताई," तो म्हणाला.